७४६ जीबीची डिस्क बनावट नाही, पत्ता तोकडा आहे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या तंत्रज्ञान पानावरील प्रश्नोत्तरांत एका वाचकाने विचारले होते, की नवी ३ टीबीची हार्ड डिस्क जुन्या संगणकाला जोडली तर ती ७४६ जीबीच का दिसते. उत्तरात 'माल बनावट आहे, दुकानदाराला परत करा' असे छापले गेले. हा सल्ला चुकीचा आहे. बनावट पेनड्राइव्ह किंवा डिस्क स्वतःची क्षमता नेहमी फुगवून सांगते, कमी करून नाही. आणि ७४६ हा आकडा तर इतका ओळखीचा आहे, की साठवण यंत्रणेचे काम करणाऱ्याला तो ऐकताच दुखणे कळते.

हिशेब असा. ३ टीबी म्हणून विकल्या जाणाऱ्या डिस्कवर ५१२ बाइटचे ५,८६,०५,३३,१६८ सेक्टर, म्हणजे माहितीचे ठरावीक आकाराचे कप्पे, असतात. जुन्या ड्रायव्हरने (डिस्कशी बोलणाऱ्या प्रोग्रामने) सेक्टरच्या क्रमांकासाठी ३२ बिटांची जागा ठेवलेली असते आणि तिच्यात ४,२९,४९,६७,२९६ क्रमांकच मावतात. वरचा बिट गळून पडला, की उरतात १,५६,५५,६५,८७२ सेक्टर. याला ५१२ ने गुणले की ८,०१,५६,९७,२६,४६४ बाइट होतात. डिस्क विकणाऱ्यांच्या हजारी मोजणीने हे ८०१ जीबी झाले, विंडोजच्या १०२४ च्या मोजणीने ७४६.५. अर्ज भरताना चार चौकटींत पाच आकडी रक्कम लिहिली आणि पहिला आकडा चौकटीबाहेर राहिला, तसे हे आहे.

वाचकाने आधी एक गोष्ट पाहावी. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये अख्खी डिस्कच ७४६ जीबी दिसते, की २०४८ जीबीचा एक तुकडा दिसून उरलेले ७४६ जीबी 'अनॲलोकेटेड' पडून आहेत? पहिल्या प्रकारात दोष ड्रायव्हरचा किंवा यूएसबी केसमधल्या जुन्या चिपचा असतो. ड्रायव्हर नवा घ्यावा किंवा केस बदलावी. दुसऱ्या प्रकारात ड्रायव्हर ठीक आहे, डिस्कवरचा पार्टिशनचा तक्ता (डिस्कचा कोणता भाग कुठे सुरू होतो याची यादी) जुन्या एमबीआर पद्धतीचा आहे आणि तो जीपीटी पद्धतीचा करावा लागेल. डिस्कवर आधीची माहिती असेल आणि पडद्यावर 'डिस्क इनिशियलाइझ करा' अशी सूचना आली, तर ती रद्द करावी. आकार चुकीचा दिसत असताना डिस्कवर काहीही लिहू देऊ नये.

आता पत्र लिहिण्याचे खरे कारण. असल्या चुकीला सगळे जण 'बिट कमी पडले' म्हणतात आणि पुढच्या वेळी जास्त बिट ठेवतात. गेली चाळीस वर्षे हेच चालू आहे. डिस्कवरची जागा तेव्हा सिलिंडर, हेड आणि सेक्टर अशा तीन आकड्यांनी सांगत. पीसीच्या बायॉसने (संगणक सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामने) सिलिंडरला १० बिट, हेडला ८ आणि सेक्टरला ६ बिट दिले होते. एटीए जोडणीच्या डिस्कच्या रजिस्टरांत सिलिंडरला १६, हेडला ४ आणि सेक्टरला ८ बिट होते. दोघांना मान्य असेल तेवढेच वापरता येणार, म्हणून १०२४ सिलिंडर, १६ हेड, ६३ सेक्टर. त्यावर ५२८ एमबीची भिंत उभी राहिली. दोन्हीकडचे बिट मुबलक होते, पण ते वेगवेगळ्या खिशांत होते. हेडचे भाषांतर करून बायॉस ८.४ जीबीपर्यंत पोचला. मग सिलिंडर-हेड सोडून सेक्टरना सरळ ओळीने क्रमांक देण्याची पद्धत आली, तिला २८ बिट दिले, आणि १३७ जीबीला पुन्हा भिंत. ही भिंत वाईट होती, कारण ज्या यंत्रणेला पुढे आलेली ४८ बिटांची पद्धत कळत नव्हती ती १३७ जीबीपलीकडे लिहायला गेली तर लेखन डिस्कच्या सुरुवातीला येऊन पडायचे, नेमके जिथे फाइल सिस्टिमचे मुख्य तक्ते असतात तिथे. ४८ बिटांचा मार्ग विंडोज एक्सपीत पहिल्या सर्व्हिस पॅकपासून, म्हणजे २००२ साली, आपोआप चालू झाला. ४८ बिटांत १४४ पेटाबाइट मावतात, तेव्हा ही रांग इथे संपायला हवी होती. ती संपली नाही, कारण दुखणे बिटांच्या संख्येपुरते कधीच नव्हते.

डिस्कवरचा पत्ता हा नुसता आकडा नसतो. सात-बाराच्या उताऱ्यावर क्षेत्राच्या आकड्यापाशी हेक्टर, आर लिहिलेले असते आणि वर गावाचे नाव व गट नंबर असतो. यातले काहीही गाळून 'चाळीस' एवढेच लिहिले तर तलाठी काय करील? सेक्टरच्या पत्त्याचेही तेच आहे. आकडा किती, एकक कोणते, आणि मोजायला सुरुवात कुठून केली, या तिन्ही गोष्टी मिळून पत्ता होतो. ऑपरेटिंग सिस्टिमच्या जुन्या कोडमध्ये यातली पहिलीच गोष्ट व्हेरिएबलमध्ये (आकडा ठेवायच्या डब्यात) असते. बाकीच्या दोन प्रोग्रामरच्या डोक्यात असतात, आणि प्रोग्रामर नोकरी बदलतो.

एकाच वाचनात पत्ता किती वेळा बदलतो ते लिनक्सच्या उदाहरणाने पाहू. समजा फाइलचा तुकडा एक्स्ट४ फाइल सिस्टिमच्या ६०,००,००,००० व्या ब्लॉकमध्ये आहे आणि ब्लॉक ४,०९६ बाइटचा आहे. ब्लॉक लेयरचा (फाइल सिस्टिम आणि ड्रायव्हर यांच्यामधल्या थराचा) सेक्टर नेहमी ५१२ बाइटचा, म्हणून ८ ने गुणायचे: ४,८०,००,००,०००. हा पत्ता पार्टिशनच्या सुरुवातीपासून मोजलेला आहे. पार्टिशन डिस्कवर २,०४८ व्या सेक्टरपासून सुरू होते, तेव्हा डिस्कवरचा पत्ता झाला ४,८०,००,०२,०४८. डिस्क ५१२ बाइटचा सेक्टर सांगणारी असेल तर हाच आकडा तिला जाईल. ४,०९६ बाइटचाच सेक्टर असलेली असेल तर ड्रायव्हर ८ ने भागून ६०,००,००,२५६ पाठवील. स्कझी आदेशात (स्कझी ही डिस्कला काम सांगायची प्रमाणित भाषा) हा आकडा मोठा बाइट आधी अशा क्रमाने लिहायचा. 'रीड १०' आदेशात त्याला चार बाइटची जागा आहे, 'रीड १६' मध्ये आठ बाइटची. म्हणजे ५१२ च्या डिस्कला इथे 'रीड १६' वाचून गत्यंतर नाही, आणि ४,०९६ च्या डिस्कला 'रीड १०' चालून जातो. चार पायऱ्या, तीन एकके, दोन आरंभबिंदू. प्रत्येक पायरीवर आकडा दिसायला साधा पूर्णांकच.

चूक कुठे होते ते बघा. ब्लॉकचा क्रमांक साठ कोटी ३२ बिटांत आरामात मावतो. सेक्टर ठेवायचे व्हेरिएबल ६४ बिटांचे आहे. दोन्ही टोके निर्दोष. पण मध्ये लिहिलेले असते 'सेक्टर = ब्लॉक * ८'. सी भाषेत गुणाकार कोणत्या रुंदीत करायचा हे उजव्या बाजूवरून ठरते, डाव्या बाजूवरून नाही. ब्लॉक ३२ बिटांचा, म्हणून गुणाकारही ३२ बिटांतच होतो. ४,८०,००,००,००० मधून ४,२९,४९,६७,२९६ गळतात, ५०,५०,३२,७०४ उरतात, आणि हा कापलेला आकडा ऐसपैस ६४ बिटांच्या डब्यात जाऊन बसतो. तिथे दुसऱ्याच कोणाची तरी फाइल आहे, डिस्कच्या आरंभापासून साधारण २५८ जीबीवर. वाचताना कचरा मिळेल. लिहिताना ती फाइल जाईल आणि कुठेही एरर येणार नाही, कारण ५०,५०,३२,७०४ हा अगदी वैध पत्ता आहे.

उपाय गुणाकाराच्या आधी रुंदी वाढवणे (सेक्टर_टी हा लिनक्समधला सेक्टरच्या क्रमांकाचा टाइप, म्हणजे व्हेरिएबलचा प्रकार; ३ बिट डावीकडे सरकवणे म्हणजे ८ ने गुणणेच): '(सेक्टर_टी)ब्लॉक << ३'. इथे कंस कुठे पडतो यावर सगळे आहे. '(सेक्टर_टी)(ब्लॉक << ३)' असे लिहिले तर आधी कापले जाते, मग रुंद होते. कोड तपासताना घाईच्या नजरेला दोन्ही ओळी सारख्याच दिसतात.

ब्लॉकचे व्हेरिएबल चिन्हासहित 'इंट', म्हणजे ऋण आकडेही ठेवणारे, असेल तर भिंत आणखी अलीकडे येते, एक टीबीला. २१४ कोटींच्या पुढचा आकडा ऋण होतो आणि ६४ बिटांत नेताना त्याचे ऋणत्व वरच्या सगळ्या बिटांत पसरते. यातल्या त्यात ही चूक बरी. पत्ता इतका अवाढव्य होतो, की डिस्कच्या क्षमतेची तपासणी तो अडवते. अर्थात तपासणी नीट लिहिलेली असेल तर. 'आरंभ + लांबी > क्षमता' असे लिहिले तर बेरीजच गुंडाळली जाऊन लहान होऊ शकते. बरोबर तपासणी वजाबाकीने करायची: लांबी क्षमतेपेक्षा मोठी आहे का, किंवा आरंभ हा 'क्षमता वजा लांबी' याच्यापुढे आहे का. लिनक्सचा ब्लॉक लेयर असेच तपासतो.

आता जुना कोड सुधारायचा कसा. सगळीकडे 'अनसाइन्ड लाँग' (यंत्रानुसार ३२ किंवा ६४ बिटांचा पूर्णांक) शोधून 'यू६४' (नेहमी ६४ बिटांचा) घालणे हा पहिला मोह असतो आणि तो टाळावा. त्या शोधात स्मृतीचे पत्ते, बाइटचे अंतर, ब्लॉक क्रमांक, बिटांचे मुखवटे असे सगळेच सापडते, आणि जे 'इंट'मध्ये लपले आहे ते सापडत नाही. युनिक्सच्या बीएसडी घराण्यातल्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये डिस्कच्या पत्त्यासाठी डीॲडर_टी असे वेगळे नाव होते. फ्रीबीएसडीने २००३ च्या ५.० आवृत्तीत, यूएफएस२ बरोबर, हा टाइप ६४ बिटांचा केला आणि जुन्या-नव्या फाइल सिस्टिमवरच्या नोंदींना दोन वेगळी नावे दिली: यूएफएस१ साठी ३२ बिटांचे, यूएफएस२ साठी ६४ बिटांचे. ओपनबीएसडीने मधला मार्ग घेतला. आधी डीॲडर६४_टी असे तात्पुरते नाव आणले, एकेक फाइल तपासून त्या नावावर नेली, आणि शेवटी मूळ डीॲडर_टीच ६४ बिटांचा करून तात्पुरते नाव काढून टाकले. आमच्या मते मोठ्या कोडसाठी हाच मार्ग चांगला. नव्या नावामुळे कोणती फाइल माणसाने डोळ्यांखालून घातली आहे आणि कोणती नाही, हे साध्या शोधानेसुद्धा कळते.

बीएसडीचा हा टाइप चिन्हासहित आहे, लिनक्सचा सेक्टर_टी चिन्हाविना. बीएसडीत बफरच्या साठ्यात अप्रत्यक्ष ब्लॉकना (इतर ब्लॉकांचे पत्ते ठेवणाऱ्या ब्लॉकना) मुद्दाम ऋण क्रमांक दिलेले असतात, तेव्हा तिथला टाइप 'साफसूफ' करायच्या उत्साहात चिन्हाविना केला तर फाइल सिस्टिमच मोडेल. उलट लिनक्सच्या ड्रायव्हरमध्ये 'सेक्टर शून्यापेक्षा लहान असेल तर चूक परत कर' अशी ओळ बीएसडीवरून उचललेली दिसली, तर ती ओळ कधीच चालत नाही.

लिनक्सच्या सेक्टर_टीची गोष्ट वेगळ्या कारणाने शिकण्यासारखी आहे. तो टाइप बरीच वर्षे 'अनसाइन्ड लाँग' होता, म्हणजे ६४ बिटांच्या यंत्रावर ६४ आणि ३२ च्या यंत्रावर ३२. ३२ बिटांच्या यंत्रावर मोठी डिस्क हवी असेल तर कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) बांधताना कॉन्फिग_एलबीडी हा पर्याय चालू करायचा. पुढे त्याचे नाव कॉन्फिग_एलबीडीएएफ झाले. लहान यंत्रांवर थोडी स्मृती वाचावी हा हेतू. व्हायचे असे, की तोच कोड एका बांधणीत बरोबर आणि दुसऱ्यात चूक. छापण्याच्या नमुन्यात 'लाँग' लिहिले तर एका ठिकाणी चालते, दुसऱ्या ठिकाणी लॉगमध्ये भलताच सेक्टर छापला जातो. म्हणून प्रत्येक छापणीत 'लाँग लाँग' असे रूपांतर करून लिहायची शिस्त पाळावी लागली. शिवाय एक्स्ट४ ची 'ह्यूज फाइल' सोय असलेली डिस्क, हा पर्याय बंद असलेल्या कर्नलवर, फक्त वाचण्यापुरतीच जोडली जायची. अखेर २०१९ च्या ५.२ आवृत्तीत पर्यायच काढून टाकला आणि सेक्टर_टी सगळीकडे ६४ बिटांचा झाला. पत्त्याची रुंदी बांधणीच्या वेळी निवडायला ठेवू नये, हे पटायला एवढी वर्षे लागली.

३२ बिटांच्या यंत्रांवर काम करणाऱ्यांनी (राउटर, कॅमेऱ्याचे रेकॉर्डर, नेटवर्कवर डिस्क देणारे जुने नॅस डबे अजून खूप आहेत) दोन गोष्टी सांभाळाव्यात. कर्नलमध्ये ६४ बिटांचा आकडा साध्या भागाकाराच्या चिन्हाने भागला तर लिंक करताना '__यूडिव्हडीआय३ सापडत नाही' अशी तक्रार येते, कारण कंपायलरची ती मदतनीस रुटीन कर्नलमध्ये नसते. ही तक्रार उपकारकच, निदान चूक लपत नाही. त्यासाठी सेक्टर_डिव्ह वापरायचे. पण ते भागाकार परत करत नाही! भागाकार पहिल्या व्हेरिएबलमध्येच लिहून ठेवते आणि परत करते ती बाकी. नवशिक्याचा पत्ता इथे हमखास फसतो. दुसरी गोष्ट पेज कॅशची, म्हणजे फाइलींची पाने स्मृतीत ठेवणाऱ्या साठ्याची: तिथला पानाचा क्रमांक 'अनसाइन्ड लाँग'च आहे, त्यामुळे ४ केबीच्या पानाने ३२ बिटांच्या यंत्रावर १६ टीबीला भिंत आहेच, सेक्टर_टी कितीही रुंद केला तरी.

एवढे करूनही सेक्टर_टी हा नुसता ६४ बिटांचा पूर्णांक राहतो. त्यात बाइटचे अंतर घातले तरी कंपायलर काही बोलत नाही. एकक चुकल्याचे त्याने ओरडून सांगावे असे वाटत असेल, तर टाइप एका घटकाच्या स्ट्रक्टमध्ये (सी भाषेतल्या घटकांच्या रचनेत) गुंडाळावा. लिनक्सने पेज टेबलच्या नोंदींसाठी आणि वापरकर्त्यांच्या क्रमांकांसाठी हीच युक्ती वापरली आहे. स्ट्रक्टची बेरीज करता येत नाही, दुसऱ्या स्ट्रक्टमध्ये चुकून घालताही येत नाही. सेक्टरवरून बाइटकडे जायचे तर त्या नावाचे फंक्शनच बोलवावे लागते. मशीन कोडमध्ये सहसा काडीचा फरक पडत नाही. बोटांना जास्त टाइप करावे लागते, ही तक्रार रास्त आहे आणि जुना कोड असा बदलताना हजारो ओळी हलतात हेही खरे. पण नव्या ड्रायव्हरमध्ये ही शिस्त पहिल्या दिवसापासून ठेवायला काय हरकत आहे? किमान तीन टाइप वेगळे हवेत: फाइल सिस्टिमचा ब्लॉक, ५१२ चा सेक्टर, आणि डिस्क ज्या एककात बोलते तो ब्लॉक. बाइटक्रमासाठी लिनक्समध्ये 'स्पार्स' हे तपासणी साधन आहे. मोठा-बाइट-आधीचा टाइप साध्या आकड्यात मिसळला तर ते इशारा देते. कर्नल बांधताना 'सी=१' दिले की ते चालते.

डिस्कवर लिहिलेली नोंद आणि स्मृतीतला टाइप यांची गल्लत मात्र कधीच करू नये. स्मृतीतला टाइप उद्या बदलता येतो, डिस्कवरचा नाही. एमबीआरमध्ये पार्टिशनची नोंद १६ बाइटची, त्यात आरंभासाठी ४ बाइट आणि लांबीसाठी ४. कर्नल १२८ बिटांचा झाला तरी ५१२ च्या सेक्टरने ही नोंद २ टीबीपलीकडे जाणार नाही. म्हणून जीपीटी आली, जिच्यात आरंभ आणि शेवट दोन्हींना आठ-आठ बाइट आहेत. जिथे तक्ता नव्याने मांडणे शक्य नसते तिथे कोपऱ्यातली जागा शोधावी लागते. ओपनबीएसडीच्या डिस्कलेबलमध्ये आरंभ आणि लांबी यांच्या ३२ बिटांच्या घरांशेजारी वरच्या १६ बिटांसाठी वेगळी घरे काढली आणि एकूण ४८ बिट केले. एक्स्ट४ च्या १२ बाइटच्या एक्स्टेंट (सलग ब्लॉकांच्या) नोंदीत खालचे ३२ बिट एका घरात, वरचे १६ दुसऱ्या घरात. असल्या नोंदीतले घर थेट वाचणे म्हणजे वरचे बिट विसरण्याला आमंत्रण. दोन्ही घरे जोडून देणारे फंक्शन किंवा मॅक्रो आहे, तेच वापरायचे. आणि विसरलात तर तुमच्या लॅपटॉपवर काहीही बिघडणार नाही, कारण तिथे वरचे बिट शून्यच असतात. बिघडेल ते गिऱ्हाइकाच्या मोठ्या ॲरेवर, म्हणजे अनेक डिस्कच्या साठवण पेटीवर.

स्कझी ॲरेवरून आठवले. डिस्कच्या आतला पत्ता झाला, पण डिस्कचा स्वतःचा पत्ताही असतो. लिनक्स तो होस्ट, चॅनेल, टार्गेट आणि लन अशा चार आकड्यांत दाखवतो. यातला लन (टार्गेटमधल्या डिस्कचा क्रमांक) प्रमाणकात आठ बाइटचा आहे, तरी कर्नलमध्ये तो ३२ बिटांत ठेवला जात असे. २०१४ च्या ३.१७ आवृत्तीत तो ६४ बिटांचा झाला. पहिले दोन बिट पत्ता कोणत्या पद्धतीने लिहिला आहे ते सांगतात आणि लिनक्स ते काढून न टाकता आकड्याबरोबरच ठेवतो. त्यामुळे ॲरेने 'सपाट' पद्धत वापरली तर लन १ हा १६३८५ असा दिसतो. मधल्या सोळा हजार डिस्क कुठे गेल्या म्हणून शोधू नये. १६३८४ वजा करावेत, झाले.

डिव्हाइसच्या क्रमांकाचीही दुरुस्ती लिनक्स २.६ मध्ये, २००३ च्या अखेरीस झाली. आधी मेजर (कोणता ड्रायव्हर) ८ बिट आणि मायनर (त्याखालचे कोणते उपकरण) ८ बिट होते, मग १२ आणि २० झाले. जुन्या पद्धतीत एका मेजरखाली १६ स्कझी डिस्क बसत, प्रत्येकीला १६ मायनर. नव्या मांडणीत वापरकर्त्याकडे जाणारा आकडा असा रचला, की खालचे १६ बिट जुन्यासारखेच राहतील: मायनरचे खालचे ८ बिट तळाशी, मग मेजर, आणि मायनरचे उरलेले बिट सगळ्यात वर. दिसायला वेडेवाकडे, पण जुने प्रोग्राम चालत राहिले.

जुन्या प्रोग्रामशी असलेला करार मोडू नये, पण खोटेही बोलू नये. डिस्कचा आकार विचारणारा बीएलकेगेटसाइज हा जुना आयओसीटीएल (प्रोग्रामने कर्नलला करायची विचारणा) सेक्टरांची संख्या 'अनसाइन्ड लाँग'मध्ये देतो. आकडा मावत नसेल तर तो कापून देण्याऐवजी 'फाइल फार मोठी' अशी चूक परत करतो. हे योग्य आहे. बाइटमध्ये आकार देणारा नवा बीएलकेगेटसाइज६४ वेगळा ठेवला. गंमत म्हणजे त्याच्या क्रमांकाच्या व्याख्येत 'साइझ_टी' शिरला आहे, त्यामुळे ३२ आणि ६४ बिटांच्या प्रोग्रामना त्याचा क्रमांक वेगळा मिळतो आणि कर्नलला दोन्ही ओळखावे लागतात. स्कझीतही असेच आहे. आकार विचारणाऱ्या 'रीड कपॅसिटी १०' आदेशाला ३२ बिटांचे चारही बाइट एफएफ असे उत्तर आले तर तो आकार नव्हे. आकार मावत नाही, 'रीड कपॅसिटी १६' विचारा, असा त्याचा अर्थ. आणि दोन्ही आदेश शेवटच्या ब्लॉकचा क्रमांक देतात, ब्लॉकांची संख्या नाही. एक मिळवायला विसरलेला कोड शेवटचा ब्लॉक वापरत नाही, आणि जीपीटीची राखीव प्रत नेमकी तिथेच असते.

चाचणीसाठी महाग डिस्क लागत नाही. एक्स्ट४ किंवा एक्सएफएसवर 'ट्रंकेट -एस ३टी' ने पोकळ फाइल करा; ती जागा जवळजवळ खात नाही. 'लॉसेटअप'ने तिला लूप डिव्हाइस (डिस्क म्हणून वावरणारी फाइल) करा, तुमचा ड्रायव्हर किंवा मॅपर तिच्यावर बसवा. सेक्टर ८ मध्ये 'अ'ने भरलेले ५१२ बाइट लिहा. मग सेक्टर ४,२९,४९,६७,३०४ मध्ये 'ब'चे ५१२ बाइट लिहा. लिहिताना-वाचताना 'डीडी' या आज्ञेला डायरेक्टचा पर्याय द्या, नाहीतर कॅश तुम्हाला हवे तेच दाखवील. आता सेक्टर ८ वाचा. तिथे 'ब' आला तर कुठेतरी ३२ बिटांत कापाकापी होते आहे. यानंतर ४,२९,४९,६७,२९२ पासून एकदम ८ सेक्टर लिहा, म्हणजे निम्मे भिंतीअलीकडे आणि निम्मे पलीकडे. पुष्कळ कोड सुटे सेक्टर बरोबर हाताळतो आणि भिंतीवरून जाणाऱ्या मागणीवर मार खातो. हेच २,१४,७४,८३,६४८ च्या आसपास करा, चिन्हाची चूक तिथे सापडते. मग लूपचा सेक्टर ४,०९६ करून, जागा आणि लांबी ४,०९६ बाइटच्या पटीत ठेवून, सगळे पुन्हा. स्कझी_डीबग मॉड्यूलची 'व्हर्च्युअल जीबी' सोय या कामाला वापरू नका. ती मोठी डिस्क असल्याचे भासवते पण लहानशा स्मृतीत पत्ते मुद्दामच गुंडाळते, त्यामुळे निर्दोष कोडही नापास होतो.

घरच्या वापरात यातले एकच प्रकरण वारंवार येते. काही यूएसबी केस मोठी डिस्क संगणकाला ४,०९६ बाइटच्या सेक्टरची म्हणून दाखवतात, म्हणजे एमबीआरवरही २ टीबीची भिंत लागत नाही. डिस्क त्या केसमध्ये भरली जाते. पुढे केस बिघडते, डिस्क काढून थेट साटाच्या केबलला लावली जाते, तिथे ती ५१२ चा सेक्टर सांगते, आणि संगणक म्हणतो डिस्क कोरी आहे. पार्टिशन २५६ पासून सुरू, अशी नोंद आहे. ती ४,०९६ च्या एककात होती, म्हणजे १ एमबीवर. ५१२ ने वाचली तर १२८ केबीवर, आणि तिथे काहीच नाही. माहिती जागेवर आहे, एकक हरवले आहे. तशीच केस मिळाली तर त्यात घालून माहिती उतरवून घ्यावी. नाही मिळाली तर लिनक्सवर 'लॉसेटअप'ला सेक्टरचा आकार ४,०९६, फक्त-वाचन आणि पार्टिशन-शोध हे तीन पर्याय देऊन त्या डिस्कवरच लूप चढवावा. पार्टिशन दिसू लागते. डेटा रिकव्हरीच्या दुकानात जाण्याआधी एवढे करून पाहावे.

लॉगमध्ये 'सेक्टर अमुक वाचता आला नाही' असे आले तर ब्लॉक लेयरचा तो आकडा ५१२ च्या एककात आणि डिस्कच्या आरंभापासून असतो. त्यातून पार्टिशनचा आरंभ वजा करून ८ ने भागले की ४ केबीच्या फाइल सिस्टिमचा ब्लॉक मिळतो. डिस्कच्या स्मार्ट चाचणीत (डिस्क स्वतःची प्रकृती तपासते त्या चाचणीत) आलेला क्रमांक मात्र डिस्कच्या स्वतःच्या एककात असतो. 'ब्लॉकडेव्ह'ला विचारून ते एकक आधी पाहावे.

आपण पुढच्या प्रश्नोत्तरांत त्या वाचकासाठी कृपया एवढे छापावे: डिस्क परत करू नका; अख्खी डिस्क ७४६ जीबी दिसते की २०४८ आणि ७४६ असे दोन तुकडे दिसतात ते पाहा, आणि ते कळेपर्यंत तिच्यावर काही लिहू नका.

आपले,
साठवण यंत्रणांवर काम करणारे दोन प्रोग्रामर,
पुणे